जंगलाची रात्र आणि ऑक्सिजनचा हिशोब

(जळकोट इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता 'पर्यावरण आणि तत्त्वज्ञान'. एवढा मोठा विषय दिला की वक्त्याचं फावतं, कारण काहीही बोललं तरी ते विषयातच बसतं. आम्ही तो आमच्यापुरता लहान करून घेतला आहे. आज आम्ही दोन वाक्यांची समीक्षा करणार आहोत. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मग वाक्याची का होऊ नये? काही वाक्यं पुस्तकांपेक्षा जास्त लोक वाचतात.

पहिलं वाक्य आम्ही इकडे येताना एका शाळेच्या भिंतीवर वाचलं. 'झाडे म्हणजे पृथ्वीची फुफ्फुसे. पिंपळ लावा, चोवीस तास ऑक्सिजन मिळवा.' अक्षर सुंदर होतं, हिरव्या रंगात. दुसरं वाक्य आम्ही काल रात्री ऐकलं. ज्यांच्याकडे उतरलो आहोत त्यांच्या अंगणात चिंचेचं मोठं झाड आहे. उकाडा होता म्हणून आम्ही म्हटलं, बाज झाडाखालीच टाका. तर घरातले ऐंशी वर्षांचे मामा म्हणाले, "झाडाखाली निजू नका सर. रातच्याला झाड गॅस सोडतंय." आणि बाज ओसरीत आली.

आता बघा. एक वाक्य म्हणतं, झाड रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं. दुसरं म्हणतं, झाड रात्री विषारी हवा सोडतं. दोन्ही एकाच गावात नांदतात, आणि कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही. आमचं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे आम्हाला रात्री झोप आली नाही. (हशा) दोन्ही वाक्यांचा विषय एकच आहे: रात्री झाडाखालच्या हवेत काय घडतं? हा प्रश्न वादाचा नाही, जाऊन पाहण्याचा आहे. तेव्हा आधी ज्याने जाऊन पाहिलं त्याची गोष्ट सांगतो.

१९५५ साली चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाचा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करत होता. त्याचा मूळ प्रश्न जंगलाचा नव्हताच. नदीच्या आणि जमिनीतल्या पाण्यात विरघळलेला कार्बन आणि वरच्या हवेतला कार्बन यांचा तोल बसतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड अचूक मोजावा लागणार. त्या काळी पुस्तकांत या वायूचे आकडे ठिकाणागणिक वेगळे सापडत, आणि लोक समजत की तो वेगळाच असणार. कीलिंगने स्वतः एक मोजयंत्र बनवलं, पाच लिटरच्या काचेच्या निर्वात बाटल्या घेतल्या आणि समुद्रकाठच्या बिग सर इथल्या जंगलात मुक्काम टाकला. दर काही तासांनी बाटली उघडायची, हवा भरून घ्यायची, बंद करायची. रात्रीसुद्धा. त्यासाठी झोपेच्या पिशवीतून पुन्हा पुन्हा उठायचं. रात्रीची हवा घेण्याची त्याच्या मूळ प्रश्नाला तशी काही गरज नव्हती. उघड्यावर राहायला आवडायचं म्हणून तो राहिला, असं त्याच्याबद्दल म्हणता येईल, आणि आम्हाला त्याची ही गोष्ट फार आवडते.

त्याला दिसलं ते असं. रात्री जंगलातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, दिवसा उतरतो, आणि दुपारी जिथे जावं तिथे जवळपास एकच आकडा येतो, दहा लाख भागांत सुमारे ३१० भाग. याला पीपीएम म्हणतात. मग रात्रीचा जास्तीचा वायू कुठून येतो? कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार असतात, एक हलका, एक किंचित जड. वनस्पती हलका कार्बन पसंत करतात. रात्रीच्या जास्तीच्या वायूत हलक्या कार्बनचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हता, त्याच जंगलाच्या पानांतून, मुळांतून आणि मातीतून निघालेला होता. पुढे मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर कीलिंगची मोजणी सुरू झाली, पहिला आकडा ३१३ आला, आणि आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. तापमानवाढीच्या सगळ्या चर्चेत जो वर चढणारा आलेख दाखवतात, तो हाच. पण त्या आलेखाची सुरुवात एका जंगलातल्या जागरणातून झाली, हे सहसा कुणी सांगत नाही. जंगलाची रात्र बाजूला काढता आली, तेव्हा पृथ्वीची दुपार मोजता आली.

आता हे आपल्याकडे आणू. आपला लातूर जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेल्यांपैकी. शंभरात एक भागही नाही. त्यामुळे उदाहरणासाठी शेजारच्या नांदेडात, किनवट-माहूरच्या सागवानात जावं लागेल. पावसाळ्याचे दिवस घ्या, सागाला परातीएवढी पानं आलेली आहेत. सूर्य मावळला की जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते. वारा नसेल तर वरची हवा वर, खालची खाली. इकडे पानं, खोडं, मुळं श्वास घेतच असतात आणि मातीतले जीवाणू, बुरशी, वाळवी पालापाचोळा कुजवत असतात. हा सगळा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि झाडांच्या छताखाली साठत जातो. सगळ्यात जास्त जमिनीलगत, वर जावं तसा कमी. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात पहाटे जमिनीजवळ हा आकडा पाचशेच्या वर जातो. मग ऊन पडतं. शेंड्याची पानं आधी जागी होतात आणि वायू ओढू लागतात. ऊन खाली पोचतं, जमीन तापते, हवा हलते, आणि रात्रभर साठलेला थर थोड्याच वेळात उसळून वर निघून जातो. दुपारी पानांच्या गर्दीत हा वायू बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच असतो. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण शाळेत ती चुकीची शिकवली जाते. झाड दिवसा अन्न तयार करतं आणि रात्री श्वास घेतं, असं नाही. श्वास चोवीस तास चालू असतो. दिवसा घेणं इतकं जास्त असतं की देणं दिसत नाही, एवढंच. घरात पगार येतो त्या दिवशीसुद्धा खर्च होतच असतो.

आणि ऋतू? उन्हाळ्यात सागाची पानं गळलेली असतात. घेणारे हात नाहीत, आणि माती कोरडी ठणठणीत, म्हणून देणारंही फारसं कुणी नाही. दिवस-रात्रीतला फरक मंदावतो. मग मृगाचा पहिला पाऊस पडतो. आपण मातीच्या वासाने सुखावतो, पण त्या क्षणी मातीतले निद्रिस्त जीव जागे होऊन एकदम कामाला लागतात आणि जमिनीतून या वायूचा मोठा लोंढा बाहेर पडतो. बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना १९५८ साली कोरडी माती भिजवल्यावर होणारी ही उसळी मांडली. आपली काळी जमीन हेच करते. पाऊस आला म्हणजे हवा 'शुद्ध' झाली, असं आम्ही लहानपणी निबंधात लिहीत होतो. मार्कही मिळायचे.

आपल्याकडे कुणी मोजलं का? मोजलं. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बैतूलच्या सागवानी जंगलात मनोरा उभारून शास्त्रज्ञांनी जंगल आणि हवा यांच्यातली देवघेव मोजली आहे, हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली. गोव्यात काबो द रामच्या किनाऱ्यावर १९९३ ते २००२ या काळात हवेचे नमुने नियमित भरले गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही असं काम केलं. सिंहगडावर झुणका-भाकर खाऊन येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

मात्र मनोऱ्यावरही आंधळा विश्वास नको. ही यंत्रं वाऱ्याचा वर-खाली झोका सेकंदाला दहा-दहा वेळा मोजतात आणि त्याबरोबर किती वायू वर गेला, किती खाली आला, ते काढतात. शांत रात्री वारा पडतो. वायू खालीच साठतो, किंवा उतारावरून थंड हवेबरोबर पाण्यासारखा ओघळत दरीत जातो. वरच्या यंत्रापर्यंत तो पोचतच नाही. यंत्राला वाटतं, जंगल आज श्वास घेत नाही. म्हणून शास्त्रज्ञ वेगवेगळ्या उंचीवर नळ्या लावून साठलेला वायू वेगळा मोजतात आणि रात्रीचे आकडे फार जपून वापरतात. ज्ञानाच्या साधनाची मर्यादा साधन वापरणाऱ्यालाच माहीत असावी लागते. आमच्या प्रमाणशास्त्रात हा पहिला धडा.

आता मामांकडे येऊ. मामा चूक नाहीत, झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतंच. त्यांची चूक आहे ती प्रमाणाची. उघड्यावरच्या एका चिंचेखाली हवा वाहती असते, तिथे फार तर काही दहा पीपीएमची भर पडेल. समजा आपण घसघशीत शंभर धरले. माणूस जो उच्छ्वास सोडतो त्यात हा वायू शेकडा चार, म्हणजे चाळीस हजार पीपीएम असतो! दारं-खिडक्या लावून दोन माणसं खोलीत झोपली तर सकाळपर्यंत आकडा हजाराच्या वर सहज जातो. तेव्हा झाडाखाली झोपण्यापेक्षा बंद खोलीत आमच्याशेजारी झोपणं वाईट. झाडाखाली साप-विंचू येतात, पक्षी अंगावर घाण करतात, वाळलेली फांदी पडते. ही कारणं खरी आहेत, आणि जुन्या माणसांचा मूळ नियम बहुधा यांच्यातूनच आला असावा. पुढे शाळेतला 'गॅस' त्याला चिकटला.

पिंपळाचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. काही वनस्पती रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, हे खरं आहे. निवडुंग, घायपात, अननस आणि तुमच्या-आमच्या अंगणातली पानफुटी. कोरड्या हवेत दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून त्या रात्री वायू घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. हे जगाला कसं कळलं? बेंजामिन हेन हा मद्रासकडे कंपनीच्या नोकरीत असलेला वनस्पतिज्ञ. पानफुटीचं पान सकाळी चघळलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव होतं, असं त्याने १८१३ साली पत्राने लंडनला कळवलं. हे आपल्या देशातलं निरीक्षण! बाटली नाही, यंत्र नाही, जीभ वापरली.

पण नीट ऐका. या वनस्पती रात्री वायू घेतात, ऑक्सिजन देत नाहीत. ऑक्सिजन पाण्याचे रेणू फुटून निघतो, आणि त्याला उजेड लागतो. रात्री उजेड नाही, म्हणून ऑक्सिजन नाही. पिंपळाला तुम्ही उद्या निवडुंगाच्या पंक्तीला बसवलंत, तरी 'चोवीस तास ऑक्सिजन' हे वाक्य उभं राहत नाही. आणि जमिनीत वाढलेला पिंपळ तर इतर झाडांसारखाच, दिवसा घेणारा. त्याचं मोठेपण त्याच्या सावलीत आहे, त्याची फळं खायला येणाऱ्या पाखरांत आहे. ते पुरत नाही का?

आता फुफ्फुसं. फुफ्फुस ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. जंगल दिवसा याच्या बरोबर उलट करतं. म्हणजे जंगल फुफ्फुसासारखं वागतं ते फक्त रात्री, आणि नेमकी ती रात्र हे वाक्य म्हणणाऱ्यांना नको असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनचं जंगल जळत होतं तेव्हा फ्रान्सच्या अध्यक्षांनीही जगजाहीर म्हटलं की, पृथ्वीचा वीस टक्के ऑक्सिजन देणारं फुफ्फुस पेटलं आहे. जुनं, पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं जवळपास तेवढाच स्वतःच्या श्वासात आणि कुजण्यात वापरून टाकतं. जगाच्या पदरात निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास. हवेतला ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांची साठवण आहे. वॉलेस ब्रोकर यांनी १९७० मध्येच हिशोब मांडला होता की, माहीत असलेला सगळा कोळसा आणि तेल जाळलं तरी तो साठा तीन टक्क्यांनीही घटणार नाही. जळकोटच्या उघड्या माळावर आणि किनवटच्या सागवानात ऑक्सिजन सारखाच असतो, शेकडा एकवीसच्या किंचित खाली. रात्री जंगलात कार्बन डायऑक्साइड शंभर पीपीएमने वाढला, तर ऑक्सिजन २०.९५ वरून २०.९४ वर येईल. तुमच्या छातीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

कुणी म्हणेल, सर, ही उपमा आहे, एवढं काय मनावर घेता? उपमेबद्दल आमच्या न्यायदर्शनाला फार आदर आहे. नैयायिकांनी उपमानाला स्वतंत्र प्रमाण मानलं. त्यांचं उदाहरणही जंगलातलंच आहे. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग हा गावकरी रानात जातो, गाईसारखा प्राणी समोर पाहतो आणि त्याला कळतं की यालाच गवय म्हणतात. उपमेचं काम तिथे संपतं. ती तुम्हाला रानापर्यंत नेऊन सोडते. पण 'जंगल म्हणजे फुफ्फुस' ही उपमा आपल्याला रानात नेतच नाही. ती आपल्याला आपल्याच छातीत परत आणते. गाय पाहून घरी परतायचं आणि म्हणायचं, गवय बघितला! अशी ही गत.

यात नुकसान काय? दोन ठिकाणी मोठं नुकसान आहे, आणि एवढं सगळं बोललो ते त्याकरताच.

एक, जंगल वाचवण्याच्या लढाईत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी एकदोन रात्रींत दोन हजारांवर झाडं तोडली गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर झाडं पडलेली होती. आंदोलकांची घोषणा होती, आरे मुंबईचं फुफ्फुस आहे. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्याला उत्तर कसं आलं पाहा. मेट्रोच्या बाजूने हिशोब मांडला गेला की, ही झाडं आयुष्यभर जेवढा कार्बन शोषतील तेवढा मेट्रोच्या थोड्या दिवसांच्या फेऱ्यांत वाचेल. वायूच्या तराजूत जंगल टाकलं की ते हरणारच, कारण वायूच्या तराजूत रेल्वे जड आहे. बिबट्या, ओढे, पाड्यांवरची माणसं, माती यांना त्या तराजूत जागाच नव्हती. तो तराजू आधी आपणच मांडला होता.

असंच किमतीचं. कलकत्ता विद्यापीठाच्या टी. एम. दास यांनी १९७९ च्या सुमारास पन्नास वर्षांच्या एका झाडाची किंमत १५ लाख ७० हजार काढली. हा आकडा आमच्या पिढीने असंख्य शाळांच्या फळ्यांवर पाहिला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली, त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. न्यायालयाचा हेतू चांगला होता, झाड फुकट तोडता येऊ नये. पण अर्ध्याहून जास्त रक्कम अशा मालाची लावली, ज्याची हवेत टंचाईच नाही. उद्या कुणी वकील उभा राहून हे दाखवून देईल, आणि मग उरलेल्या २९,५०० रुपयांकडेही कुणी गांभीर्याने पाहणार नाही.

दुसरं नुकसान आम्ही घरात पाहिलं. एप्रिल २०२१. आमच्या धाकट्या भावाला ऑक्सिजनची नळी लावलेली होती. रुग्णालयाचं नाव घेत नाही. रात्री दोन वाजता सांगितलं, सिलिंडर संपत आलेत, तुमची सोय करा. आम्ही आणि पुतण्या फोन लावत बसलो. त्या रात्री आमच्याच विद्यार्थ्यांच्या गटात एक चित्र फिरत होतं, झाडाला नळी लावलेली, आणि खाली मजकूर की झाडं तोडलीत म्हणून आज ही वेळ आली. शेकडो अंगठे. भाऊ वाचला, पण पलीकडच्या खाटेवरचे गेले. मित्रहो, त्या खोलीतल्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन होता. जंगलात नेलं असतं तरी तेवढाच मिळाला असता. त्या माणसाच्या फुफ्फुसाला जास्त दाटीचा ऑक्सिजन हवा होता. तो कारखान्यात तयार होतो, टँकरने येतो, सिलिंडरमध्ये भरतात. तो का आला नाही, कुणी मागवायचा होता, हे प्रश्न माणसांना विचारायचे होते. त्या चित्राने सगळा दोष एका न लावलेल्या झाडावर टाकला, आणि ज्यांना जाब द्यायचा होता ते सुटले. आम्हाला त्या चित्राचा अजून राग आहे.

मग झाडं लावू नयेत का? कोण म्हणतं? २०१६ साली ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने असं म्हणणं हा गुन्हा होईल. सावलीसाठी लावा, माती धरून ठेवायला लावा, चाऱ्यासाठी, पाखरांसाठी लावा. आणि कार्बनसाठीही लावा, पण तो हिशोब समजून. झाडाने दिवसा घेतलेल्यापैकी बराच भाग रात्री आणि मातीतून परत जातो. जो उरतो तो लाकडात, मुळांत, मातीत साठतो. ती शिल्लक वर्षानुवर्षांनी वाढते आणि कुऱ्हाडीने एका दिवसात संपते. महाराष्ट्रात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं गेलं. हे आकडे खड्ड्यात रोप ठेवल्या दिवसाचे आहेत. त्या दिवशी रोपात मूठभर कार्बन असतो. आणि ज्या रस्त्यांच्या कडेच्या निजामाच्या काळातल्या वडाच्या बुंध्याला चार माणसांची कव लागते, तो रुंदीकरणात जातो तेव्हा त्याच्या बदल्यात रोपं मोजून दिली जातात. एकाला पाच, एकाला दहा. चाळीस वर्षं नोकरी केलेल्याला काढून दहा अंगणवाडीतली लेकरं कामावर घेतली, असा हा प्रकार.

व्याख्यानानंतर एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, "सर, मग आमच्या भिंतीवरचं वाक्य पुसायचं का? आणि पुसलं तर लिहायचं काय?" आम्ही म्हटलं, भिंत राहू द्या, बाई, रंगाचा खर्च झालाय. झाडाला एक पत्र्याची पाटी लावा. त्यावर झाडाचं नाव आणि लावल्याची तारीख टाका. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मुलांना टेप घेऊन पाठवा, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजायचा आणि पाटीवर लिहायचा. वनखातंही त्याच उंचीवर मोजतं. त्यांनी विचारलं, मेलेल्या झाडाचं काय? आम्ही म्हटलं, त्याची पाटी काढू नका, मेल्याचं साल लिहा. काल रात्री ओसरीतल्या बाजेवर हेच सुचलं होतं. मामा समोर बसले होते, ते म्हणाले, आमच्या चिंचेचा घेर मोजा की सर. आज निघायच्या आधी मोजणार आहोत.